कन्यापक्ष

वाशीमच्या हायस्कुलात मी पदार्थविज्ञान आणि रसायन शिकवीत असे, आणि मुले मला पाठीमागे ‘पुरावामास्तर’ म्हणत. या नावाचा मला राग नव्हता. उलट कोणीतरी ते समोरासमोर म्हणावे, अशी माझी एक छुपी इच्छा होती. नागपूरहून बी.एस्सी. होऊन आलेला आमच्या देशमुखांच्या घराण्यातला मी पहिला मनुष्य. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या ज्वारी आणि कपाशी पिकत आली होती; शंका हे पीक प्रथम मी आणले.

घरात आम्ही तीन माणसे. मी, माझी पत्नी कस्तुराबाई आणि माझी थोरली विधवा बहीण प्रयागबाई, जिला सारी गल्ली आक्का म्हणत असे. चौथे माणूस यायचे होते. लग्नाला बारा वर्षे झाली तरी ते यायचेच होते.

या बाबतीत घरात दोन पंथ होते. आक्काचा पंथ अंगारे, धागे आणि नवस यांचा, माझा शास्त्राचा. आक्का कस्तुराबाईच्या दंडाला जे बांधी ते मी सोडीत असे, आणि मी तिला जे पाजी त्याचा वास घेऊन आक्का पदराने नाक झाकीत असे. मी माशाच्या तेलाच्या बाटल्या आणवल्या. कलकत्त्याहून टपालाने एक शक्तिवर्धक मागवले. जपानातल्या कोणा डॉक्टराच्या मताप्रमाणे महिन्यातले अनुकूल दिवस काढून भिंतीवरच्या कॅलेंडरवर मी लाल पेन्सिलीने खुणा करू लागलो. दूध घालणारी बाई त्या खुणांना एकादश्या समजली, आणि नेमकी त्या त्या दिवशी विचारू लागली, “आज उपास हाय का जी?” तिचे निरीक्षण अचूक होते, फक्त अनुमान उलटे होते.

एकदा मी असाच एक धागा सोडून चुलीत टाकला, तेव्हा आक्का म्हणाली, “जगदेवा, एक सांग. तुया बाटलीवर इंग्रजी लिव्हलं हाय म्हून ते औषध, अन् माया अंगाऱ्यावर काईच नाई लिव्हलं म्हून ते थोतांड. असंच ना?”

मी म्हणालो की फरक लेबलाचा नसून पद्धतीचा आहे.

“मंग पद्धतीनं काय झालं?” आक्काने विचारले.

शास्त्रज्ञाने अशा वेळी आणखी निरीक्षणे हवीत असे म्हणायचे असते. मी तसे म्हणालो.

पुढे आम्ही दोघे आगगाडीने अकोल्याला जाऊन आलो. तिथल्या डॉक्टरांनी आम्हा दोघांची तपासणी केली. कस्तुराबाईची टेबलावर आणि माझी सूक्ष्मदर्शकाखाली, त्यामुळे श्रमांची वाटणी समान झाली असे मी बराच काळ समजत होतो. निष्कर्ष असा निघाला की दोघांतही दोष दिसत नाही. “होईल,” डॉक्टर म्हणाले.

दुसऱ्या कोणाला या शब्दाने आनंद झाला असता. मलाही झाला, हीच लाजिरवाणी गोष्ट आहे. कोणत्याही निरीक्षणाने जे विधान खोटे पडू शकत नाही त्याला विज्ञानात जागा नाही, असे मी मॅट्रिकच्या वर्गाला दर वर्षी बजावून सांगत असे. ‘होईल’ हे विधान त्या जातीचे होते. त्याला मुदत नव्हती. महिना उलटला आणि निरीक्षण विरुद्ध गेले की मी विधानाला हात लावीत नसे. निरीक्षणातच दोष काढी. दिवस चुकला असेल, मात्रा कमी पडली असेल, प्रवासाचा शीण बाधला असेल. आक्काचा देव नवस फळला नाही की भक्ताचीच चूक काढीत असे. माझी पद्धतही तेच करीत होती, फक्त लाल पेन्सिलीने. शिवाय कोणताही प्रयोग सुरू करण्यापूर्वी तो कधी संपला म्हणायचे हे ठरवावे लागते. शाळेत मेणाचा द्रवणांक काढतानादेखील मी मुलांकडून ते आधी वदवून घेत असे. या एका प्रयोगात ते ठरवायचे राहून गेले होते.

आक्काने तिच्या बाजूने एक शेवट सुचवला होता. रिसोडला तिच्या दिराची मुलगी होती.

“दुसरी कर,” ती म्हणे. “दोष कोनात हाय ते तरी समजंन.”

शास्त्रीय दृष्टीने या प्रयोगात काही उणे काढता येण्यासारखे नव्हते. एक घटक बदलायचा, दुसरा तसाच ठेवायचा आणि फरक पाहायचा. आक्का चौथीही शिकलेली नव्हती. तिने हे स्वतःच्या बुद्धीने मांडले होते. मी नकार दिला तो मात्र शास्त्राच्या आधाराने नाही. कस्तुराबाई त्या वेळी ओसरीवर गहू निवडीत होती, आणि तिने मान वर केली नाही, एवढ्याच आधाराने.

त्या वर्षी दिवाळीच्या सुटीसाठी मी एक नवी योजना आखली. नागपुरात एका डॉक्टरीणबाईंनी विलायतेहून एक यंत्र आणले होते. गर्भाशयाच्या नळ्यांत वायू सोडून त्या मोकळ्या आहेत की नाहीत हे त्यात समजे, आणि काही वेळा त्या वायूनेच मोकळ्या होत. मला कल्पना फार आवडली. वायूंच्या दाबावर माझे प्रभुत्व होते. मी पत्र घालून कार्तिकी पौर्णिमेचा दिवस ठरवला, आणि संध्याकाळी कस्तुराबाईला पाटीवर आकृती काढून सारे समजावून सांगितले. आकृती चांगली आली होती.

तिने ती नीट पाहिली. मग म्हणाली, “यंदा आपण तुयशीचं लगन लावू. कन्यादान आपल्या हातानं.”

आमच्या अंगणात तुळशीवृंदावन होते, पण तिचे लग्न कधी लागले नव्हते. मी नागपूरहून शिकून आल्यापासून असल्या गोष्टींना मज्जाव होता. रागावलो म्हणजे मी पुस्तकी मराठी बोलू लागतो. त्या संध्याकाळी मी बराच वेळ पुस्तकी मराठी बोललो. वनस्पतीचा विवाह ही कल्पनाच कशी अशास्त्रीय आहे. तुळस द्विलिंगी असल्यामुळे तिला वराची गरज कशी नाही. आणि बारा वर्षे मी ज्या नवसबाजीशी झुंजलो तीच आता माझ्या पत्नीच्या तोंडून यावी याचे मला किती दुःख होते. कस्तुराबाईने पाटी पुसून भिंतीशी उभी करून ठेवली. मी तो विजय समजलो.

दुसऱ्या दिवशी आक्का माझ्या मदतीला आली, तेव्हाच खरे तर मला संशय यायला हवा होता. आमच्या आयुष्यात आम्ही दोघे एका पक्षात कधी उभे राहिलो नव्हतो.

“बरं केलं नाई म्हटलं तं,” ती म्हणाली. “मी जिती हाय तोवर या घरात तुयस द्याची नाई.”

“नवस बोलणं मला मान्यच नाही,” मी म्हणालो.

आक्काने माझ्याकडे, मुले फळ्यावरच्या चुकीकडे पाहतात तसे पाहिले. “नवस? कोन म्हन्ते नवस? अरे, ज्याले लेकरू नाई, व्हनार बी नाई, तो तुयशीले लेक मानून कन्यादान करते. पुन्य लागते म्हून. तुयस देल्ली म्हंजे साऱ्या गावाले सांगतलं का आता आमचं बंद झालं. मंग रिसोडवाल्याईले मी काय तोंड दाखवू?”

मी या गावात जन्मलो, वाढलो आणि इथल्या प्रत्येक चालीरीतीचे तर्कशुद्ध खंडन केले. त्यांतली ही एक कशासाठी आहे हे विचारायचे तेवढे राहिले होते. खंडन करायला माहितीची गरज पडत नाही, हा त्या पद्धतीचा मोठा फायदा आहे.

मी चुलीपाशी गेलो. कस्तुराबाई भाकरी थापीत होती.

“तू मागत नव्हतीस?” मी विचारले.

“मी कायले मांगू? बारा वर्सं मांगतलं. देवाले मांगतलं आक्काच्या मतानं, बाटलीले मांगतलं तुमच्या मतानं.” तिने भाकरी तव्यावर टाकली आणि वरून पाणी फिरवले. “आता मी देऊन राह्यली.”

“पण डॉक्टर म्हणाले, होईल.”

“हो, म्हनले ना. अकोल्याच्या टेबलावर माये पाय बांधले व्हते तवा बी म्हनले. तुमी भाईर पेपर वाचून राह्यले व्हते.”

मी वर्तमानपत्र वाचीत होतो हे खरे आहे. ते उलटे धरलेले नव्हते, त्यामुळे तेवढाही बचाव मला करता येत नाही.

“नागपूरचं यंत्र वेगळं आहे,” मी म्हणालो. “त्यात फक्त वायू—”

“वायू तुमच्यात जाते का माह्यात?”

या प्रश्नाचे उत्तर मला येत होते, म्हणून मी ते दिले नाही.

तिने भाकरी उलटली. “दर महिन्याले तुमी माया तोंडाकडं पाह्यता. मी सकाऊन उठली का पाह्यता. मले म्हैस वाटते बाजारातली. नाई म्हटलं का तुमी तोंड लपवता अन् मले म्हन्ता, काही हरकत नाही. पुस्तकातल्यावानी. मंग मी दिवसभर तुमाले समजावत बसतो. माह्यं रडू तसंच राह्यते. असं किती दिवस? बाई म्हातारी झाल्यावर थांबते ते थांबनं नाई. मले माया हातानं थांबायचं हाय.”

मी विचार केला, आणि मला एक तडजोड सुचली, जी मला त्या वेळी उदार वाटली. द्वादशीला तुळशीचे लग्न लावायचे आणि पौर्णिमेला नागपूरला जायचे. दोन्ही पंथांचा मान राहील. शिवाय तुळशीच्या लग्नाने नळ्यांना अपाय होण्याचे काही कारण नव्हते.

“लावू या लग्न,” मी म्हणालो. “नागपूरचं नंतर पाहू.”

“नंतर नाई.” ती चुलीतले लाकूड मागे ओढत म्हणाली. “देल्लेलं कोनी परत मांगत नाई. पाटावर बससान तं समजून बसा. नाई तं बसू नका. मी आक्काले सांगतो, लगन मोडलं म्हून.”

अशा रीतीने मला वधूपिता होण्याचे निमंत्रण मिळाले.

आक्का दोन दिवस बोलली नाही, आणि तिसऱ्या दिवशी वृंदावनाला गेरू लावताना सापडली. मी विचारले तर म्हणाली, “लगन लागूनच राह्यलं तं पोरगी भुंडी उभी करू का?” रिसोडविषयी तिने पुन्हा शब्द काढला नाही, भिंतीला मात्र गेरू गरजेपेक्षा जाड लागला.

वरपक्ष शेजारच्याच घरातून यायचा होता. सरकीचे व्यापारी दौलतराव आणि त्यांच्या पत्नी गोमतीबाई यांच्या देवघरात पितळेचा बाळकृष्ण होता, तो नवरदेव ठरला. दौलतरावांना माझ्या शास्त्रीय वृत्तीविषयी जुने कुतूहल होते, आणि तिच्यावर सूड उगवण्याची अशी संधी त्यांना पूर्वी मिळाली नव्हती. द्वादशीला दिवे लागायच्या सुमारास ते डोक्याला फेटा बांधून, ताम्हनात नवरदेव घेऊन, दोन घरांमधले जेमतेम अंतर वाजतगाजत चालून आले आणि आमच्या दारात अडून उभे राहिले.

“पोरीचा बाप कोठी हाय?” त्यांनी विचारले. “इवाई आले, कोनी सामोरं नाई आलं. आमी परत जातो.”

मी सामोरा गेलो. गल्लीतल्या बायका हसत होत्या.

“पाय धुवा नवरदेवाचे,” गोमतीबाई म्हणाल्या.

मी ताम्हनात पाहिले. नवरदेव गुडघ्यांवर रांगत होता आणि त्याच्या उजव्या हातात लोण्याचा गोळा होता.

“मुलगा वयानं फार लहान आहे,” मी म्हणालो.

“मास्तर, वयाचा पुरावा पाह्यजे का?” दौलतराव म्हणाले, आणि अंगणभर हशा पिकला. अखेर कोणीतरी ते नाव समोरासमोर घेतल्यासारखेच झाले. मला वाटले होते तितके ते सुखाचे नव्हते.

पाय कस्तुराबाईनेच धुतले. मग ओला नवरदेव तिने पदराने टिपला आणि उचलून पाटावर ठेवला. तिने त्याला कसे उचलले याविषयी मी काही लिहीत नाही. ते निरीक्षण मी एकट्याने केले, आणि एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढू नये.

उसाचा मांडव, चिंचा, आवळे, अंतरपाट, सारे यथासांग होते. मंगलाष्टके झाली. अक्षता उडाल्या; माझ्या वाट्याच्या बऱ्याचशा दौलतरावांनी नेम धरून माझ्या चष्म्यावर टाकल्या. मग भटजींनी आम्हा दोघांना पाटावर शेजारी बसवले. मी उजवा हात पुढे केला. कस्तुराबाईने पाण्याची झारी धरली. भटजींनी भराभर संस्कृत म्हटले आणि मला सांगितले, “आता म्हणा, न मम, आणि पाणी सोडा.”

न मम, म्हणजे माझे नाही.

मला संस्कृत येत होते, ही त्या वेळची अडचण. न कळणारे शब्द माणूस सहज उच्चारतो. आमच्या गल्लीतली किती लग्ने त्यावर लागली असतील. पण मी आयुष्यभर एका गोष्टीचा अभिमान बाळगला होता, की जे मला खरे वाटत नाही ते मी बोलत नाही. मुंज, श्राद्ध, सत्यनारायण, सगळीकडे हाच अभिमान पुढे करून मी लोकांचे समारंभ बिघडवले होते. आता तोच माझ्या आड आला. कारण त्या क्षणीही माझ्या मनात नागपूरची गाडी किती वाजता सुटते हे चालले होते. मी एक काल्पनिक मुलगी देत नव्हतो. माझ्याजवळ खरोखर काहीतरी होते, बारा वर्षे जपलेले, त्याला पाय फुटले होते, त्याला मी मनात शाळेत घातले होते, त्याचे गणित कच्चे राहू नये म्हणून कोणते पुस्तक आणायचे तेही ठरवले होते. ते सोडायचे होते. आणि आक्काची देवावर होती त्यापेक्षाही माझी त्याच्यावर श्रद्धा अधिक होती. तिने निदान रिसोडचा दुसरा मार्ग शोधून ठेवला होता.

“न मम,” भटजी मोठ्याने म्हणाले. त्यांना वाटले, मला ऐकू आले नाही.

“मास्तर अडले,” दौलतराव म्हणाले. “पोरीच्या बापाले जड जाते बाप्पा. मी बी अडलो व्हतो.” त्यांच्या दोन मुली सासरी होत्या. या वेळी ते हसले नाहीत.

मी कस्तुराबाईकडे पाहिले. ती झारी तिरपी धरून बसली होती. पाणी तोटीच्या तोंडाशी आले होते आणि ती ते तिथेच अडवून होती. ती माझ्या तोंडाकडे पाहत होती. बारा वर्षे मी तिच्या तोंडाकडे जसा पाहत आलो तशीच, अगदी त्याच आशेने. फक्त तिला मिळायचे होते ते अगदी वेगळे होते, आणि ते देणे संपूर्णपणे माझ्या हातात होते. या प्रयोगात ही स्थिती प्रथमच आली होती.

“न मम,” मी म्हणालो.

भटजींनी मान डोलावली. पाणी पडले नाही.

“मले ऐकू नाई आलं,” कस्तुराबाई हळू आवाजात म्हणाली.

“एकदा म्हटलं तरी पुरतं, बाई,” भटजी म्हणाले.

“मले नाई पुरत.”

मी पुन्हा म्हणालो. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जावा असा माझा आवाज आहे, तो लावला. “न मम.” आणि भटजींनी शिकवले नव्हते तेही पुढे म्हणालो, मराठीत, तिला समजेल असे: “नागपूरला जायचं नाही.”

भटजी गोंधळले. हा मंत्र त्यांच्या पोथीत नव्हता.

पाणी माझ्या तळहातावरून बोटांच्या टोकांशी आले आणि ताम्हनात पडले. झारी रिकामी होईपर्यंत ती ओतत राहिली, विधीला लागते त्याहून पुष्कळ अधिक. माझे धोतर गुडघ्यापर्यंत भिजले. तिने झारी खाली ठेवली, डोळे पुसले, मग तोच हात पदराला पुसला आणि उभी राहिली.

“चला इहीनबाई,” ती गोमतीबाईंना म्हणाली. “पंगत बसू द्या.”

वरपक्ष जेवल्याशिवाय कन्यापक्षाने बसायचे नाही, अशी रीत आहे. तिचे खंडन करण्याजोगा मुद्दा माझ्याजवळ होता, पण मी तुपाचे भांडे घेऊन पंगतीत वाकत गेलो. दौलतराव पानावर बसून खोड्या काढीत होते. पाट हलतो, पुरण गार आहे, पोरीच्या बापाला वाढता येत नाही. आक्का कुरडया वाढता वाढता त्यांना म्हणाली, “दौलतराव, तुमच्या पोराले अजून चालता येत नाई, अन् तुमी मान मांगून राह्यले.” पंगत हसली. आक्काही हसली.

मी दौलतरावांच्या पोळीवर तुपाची धार धरली. मोजूनमापून वाढण्याची मला सवय आहे. कस्तुराबाई मागून भाजीचे पातेले घेऊन येत होती. ती थांबली आणि माझ्या हाताकडे पाहू लागली.

“अवो, हात ढिल्ला सोडा जरासा,” ती म्हणाली. “आता कोनासाठी राखून ठेवता?”

बायका हसल्या, आणि सगळ्यांच्या मागून तीही हसली. मी भांडे तिरपे केले.